बेस सगळीकडे, फक्त सोफ्यावर नाही: एका सबवूफरचं प्रकरण

सब, म्हणजे फक्त खालचा, खोल आवाज वाजवणारा सबवूफर, नवा होता. दहा इंची, बंद पेटीचा, स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरसह. रिसीव्हर ५.१ चा, पुढचे डावे-उजवे स्पीकर बुकशेल्फ जातीचे, त्यांचे वूफर १३ सेंटीमीटरचे. एवढ्या सामानात मध्यम आकाराच्या खोलीत बेस व्हायलाच हवा. तरी तक्रार अशी की पडद्यावर अख्खी इमारत कोसळते आणि सोफ्यावर नुसतं 'धप्प' होतं. प्रत्येक स्फोटाला तेच 'धप्प', त्याच सुरात. आवाज वाढवला की संवाद गढूळ होतात, कमी केला की सब चालू आहे का ते उठून बघावं लागतं. मोठ्या दृश्यांत कधीकधी पेटीतून 'टक्' असा आवाजही यायचा.

ज्यांच्या घरचा हा सब, त्या गृहस्थांचं निदान ठरलेलं होतं: सब लहान पडतोय, आता बारा इंची आणि पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला) घ्यायचा. कोणता घ्यावा एवढंच मी सांगायचं होतं.

पण बोलता बोलता ते दोन गोष्टी सांगून गेले. सोफ्याच्या टोकाला बसणारी मुलगी सारखी म्हणते, "बाबा, आवाज कमी करा ना, इथे कानात दडे बसतात." आणि मध्येच उठून मागच्या भिंतीपर्यंत गेलं की बेस एकदम भरून येतो, इतका की परत येऊन बसल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. लहान पडणारा सब सगळ्या खोलीला लहान पडतो. टोकाला जास्त, मागे भरपूर आणि मधल्या जागेवर काहीच नाही, असा पंक्तिप्रपंच तो करत नाही. तो खोली करते.

खोली ५.२ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच. पडदा आखूड भिंतीवर, सब पुढच्या उजव्या कोपऱ्यात. सोफा बरोबर मधोमध: मधल्या माणसाचे कान पुढच्या आणि मागच्या भिंतीपासून २.६ मीटरवर, बाजूच्या भिंतींपासून १.८ मीटरवर. दिसायला सुरेख मांडणी. बेससाठी मात्र याहून वाईट जागा मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ८० हर्ट्झची (सेकंदाला ८० कंपनांची) लहर ४.३ मीटर लांब, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची तब्बल १७ मीटर. घरातल्या खोलीत या लहरी धड मावतही नाहीत. त्या भिंतींवरून परततात, स्वतःवरच चढतात, आणि ज्या लहरीची अर्धी लांबी दोन भिंतींमधल्या अंतराएवढी असेल ती तिथे ठाण मांडून बसते. हाच खोलीचा अनुनाद. ५.२ मीटरसाठी ती वारंवारता ३३ हर्ट्झ येते, तिची दुप्पट ६६. रुंदीसाठी ४८, उंचीसाठी ६१ हर्ट्झ. हौदातलं पाणी हिंदकळलं की दोन्ही काठांना ते वर-खाली होतं आणि मध्यावर पातळी जवळपास हलत नाही. खोलीतल्या हवेच्या दाबाचंही तसंच. भिंतीपाशी दाब सर्वांत जास्त, मध्यावर जवळपास शून्य. ६६ हर्ट्झचं उलट आहे. तिथे खोलीच्या लांबीत अख्खी लहर बसते, त्यामुळे भिंतींपाशी जास्त आणि मध्यावरही जास्त.

आता ही माहिती त्या सोफ्यावर लावून बघा. मधल्या जागेवर ३३ हर्ट्झ नाही, कारण ती लांबीचा मध्य आहे. ४८ हर्ट्झ नाही, कारण ती रुंदीचाही मध्य आहे. ६६ हर्ट्झ मात्र भरपूर. खोल गुरगुर गायब आणि एकच सूर घुमतोय: गृहस्थांचं 'धप्प' ते हेच. मुलगी बाजूच्या भिंतीकडे सरकून बसते, त्यामुळे ४८ हर्ट्झचा सगळा मार तिला. मागच्या भिंतीपाशी लांबीचे सगळेच अनुनाद शिगेला पोचतात, म्हणून तिथे बेस 'भरून' येतो. माइक लावण्याआधीच निम्मं प्रकरण फीतपट्टीने सुटलं होतं.

बारा इंचीचा हिशेबही तिथेच केला. दहा इंचाच्या शंकूपेक्षा बारा इंचाच्या शंकूचं क्षेत्रफळ १.४४ पट. शंकू तेवढाच मागेपुढे हलला तर त्यातून मिळतात साधारण ३ डेसिबल. खड्डा खोलीने पाडलेला असेल तर तिथे ३ डेसिबल कुठल्या कुठे जिरतात. शिवाय ६६ हर्ट्झचा घुमारा तेवढाच वाढतो, तो निराळा. पोर्टवाल्या पेटीचा वेगळा फायदा असतो हे खरं. पोर्टच्या सुराच्या आसपास ती जास्त ताकद देते. पण त्या सुराखाली तिचा आवाज अष्टकाला (वारंवारता निम्मी होते तेव्हा) २४ डेसिबलने कोसळतो, तर बंद पेटीचा १२ डेसिबलने हळूहळू उतरतो. लहान, बंद खोलीत सर्वांत खालच्या अनुनादाखाली खोली स्वतःच थोडा आधार देते, आणि बंद पेटीचा उतार त्या आधाराशी बऱ्यापैकी जुळतो. भिंती आणि दारं पूर्ण घट्ट नसल्यामुळे पुस्तकातला सगळा आधार मिळत नाही, पण काही तरी मिळतो. असो. नवी पेटी घ्यायची की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवायचं ठरलं.

सोफा हलवण्याआधी मी सेटिंग पाहिली. लोक यात घाई करतात आणि मग चुकीच्या सेटिंगवर मोजमाप करत बसतात.

पहिली गोष्ट, पुढचे स्पीकर रिसीव्हरमध्ये 'लार्ज' होते आणि बेसची निवड 'एलएफई प्लस मेन' अशी. नावावरून वाटतं की दोन्हीकडून बेस, म्हणजे दुप्पट बेस. प्रत्यक्षात तोच खालचा आवाज १३ सेंटीमीटरच्या वूफरमधूनही जातो आणि सबमधूनही, दोन वेगळ्या जागांवरून, दोन वेगळ्या वेळांना. कुठे भर पडेल आणि कुठे वजाबाकी होईल याचा नेम नाही. ५.१ मधला 'पॉइंट वन' म्हणजे एलएफई, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा वेगळा चॅनेल. इतर चॅनेलपेक्षा तो १० डेसिबल जास्त जोराने वाजावा अशीच रचना असते. पण सबचं काम तेवढंच नाही. स्पीकर 'स्मॉल' ठेवले की त्यांच्या वाट्याचा खालचा आवाजही रिसीव्हर सबकडे वळवतो. 'स्मॉल' हा शब्द अनेकांना अपमान वाटतो. वाटू द्या. पाचही स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ. थिएटरच्या ध्वनीची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने घरासाठी सुचवलेला आकडाही हाच, आणि त्याच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा सांगता येत नाही.

दुसरी, सबच्या मागचं लो-पास बटण (ठरवलेल्या सुराच्या वरचा आवाज गाळणारं) ६० हर्ट्झच्या जवळ होतं. रिसीव्हर ८० वर गाळतोय आणि सब पुन्हा ६० वर. साठ ते ऐंशीचा पट्टा दोन चाळण्यांतून जात होता. बटण पूर्ण वर नेऊन 'एलएफई' वर ठेवलं. गाळायचं काम रिसीव्हरचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटली. स्वयंचलित कॅलिब्रेशनने (रिसीव्हर माइक वापरून स्वतःच करतो त्या जुळवणीने) सबचं अंतर ४.३ मीटर काढलं होतं. गृहस्थांनी फीत लावली, अंतर भरलं २.७ मीटर. यंत्र चुकलं असं समजून त्यांनी हाताने २.७ टाकलं. माणूस काटेकोर असला की असं होतं. पण रिसीव्हरमधला तो आकडा नावापुरताच अंतराचा. खरं तर तो वेळ आहे. सबच्या आतल्या डिजिटल प्रक्रियेला आणि फिल्टरला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा उशीर रिसीव्हर 'सब लांब आहे' असं समजून भरून काढतो. १.६ मीटरचा फरक म्हणजे ४.७ मिलिसेकंद. ८० हर्ट्झच्या एका आवर्तनाला १२.५ मिलिसेकंद लागतात, तेव्हा सब आणि स्पीकर एकमेकांपासून सुमारे १३५ अंश सरकलेले. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ती जवळपास ओढतोय. ढोलाची थाप ज्या पट्ट्यात बसते नेमका तोच पट्टा यात पोखरला जातो.

चौथी, सबचा गेन (सबवरचंच आवाजाचं बटण) पाऊणपर्यंत आणि रिसीव्हरमधली सबची पातळी उणे १२, म्हणजे मापाच्या तळाला टेकलेली. गेन एवढा का? फोनवरच्या ध्वनिमापक अ‍ॅपमध्ये सब फार हळू दाखवत होता म्हणून. ते अ‍ॅप 'ए' वेटिंगवर होतं. वेटिंग म्हणजे कोणता सूर किती कमी धरायचा याचं माप. 'ए' वेटिंग ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने आणि ३१.५ हर्ट्झचा ३९ डेसिबलने कमी धरतं. त्याच ३१.५ ला 'सी' वेटिंग फक्त ३ डेसिबल कापतं. त्यात फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला. अशा मापाने सब जुळवायचा म्हटलं तर गेन वाढतच जाणार. पातळी उणे १२ वर टेकली म्हणजे रिसीव्हर सांगत होता, "अजून खाली आणायचं होतं, पण माझी मर्यादा संपली." गेन इतका खाली आणला की पुढच्या कॅलिब्रेशनमध्ये पातळी मापाच्या मधल्या भागात यावी.

आणि सबचं 'ऑटो' बंद करून 'ऑन'. हळू आवाजात तो झोपी जात होता.

या सगळ्यानंतर संवाद स्वच्छ झाले, ढोल थोडे जिवंत झाले. खोलवरचा आवाज मात्र तरीही नाही. तो यायचा नव्हताच.

मग मोजमाप. 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यासोबत कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक हवा. माइक मधल्या जागेवर, कानाच्या उंचीवर, स्टँडवर. उशीवर टेकवून नाही. आधी एकटा सब, मग एकटे स्पीकर, मग दोन्ही मिळून. एक सूचना: बेसचा आलेख स्मूदिंग न लावता पाहावा. एक-तृतीयांश अष्टकाचं स्मूदिंग लावलं की खड्डे बुजून आलेख गुळगुळीत होतो, पण खोलीत खड्डे असतात तिथेच राहतात.

आलेखात अपेक्षित तेच दिसलं. ६६ हर्ट्झला डोंगर, ४८ च्या आसपास दरी, ३३ ला त्याहून खोल दरी. डोंगराच्या माथ्यापासून ३३ च्या तळापर्यंत २० डेसिबलहून जास्त फरक. बारा इंचीच्या ३ डेसिबलचं काय झालं असतं ते आलेख बघून गृहस्थांच्या लगेच लक्षात आलं.

त्या 'टक्' आवाजाचाही उलगडा झाला. आधीच्या कॅलिब्रेशनच्या वेळी माइक याच खड्ड्यात ठेवलेला. यंत्राला दिसलं की ३३ हर्ट्झ कमी आहे. त्याने तिथे जमेल तेवढी वाढ दिली. ९ डेसिबल वाढ म्हणजे जवळपास आठपट वॅट. अनुनादाच्या शून्यबिंदूवर कितीही ताकद ओतली तरी तिथला दाब तसाच राहतो, कारण जेवढं पुढून येतं तेवढंच मागून रद्द होतं. ताकद मात्र खरी जाते: शंकू आपल्या टोकापर्यंत ढकलला जातो आणि 'टक्' करतो. म्हणजे ऐकणाऱ्याला बेस नाही आणि सब जीव तोडून वाजतोय. 'सब लहान पडतोय' हे निदान इथून आलं होतं, आणि लक्षणांवरून पाहिलं तर ते अगदीच वेडगळ नव्हतं.

सोफा हलवणं हा भाग तंत्राने सोपा आणि घरात अवघड. पहिला प्रस्ताव गृहस्थांचाच: "मागे बेस भरपूर आहे ना, मग सोफा मागच्या भिंतीलाच लावू." भिंतीला कान टेकवले की ३३, ६६, ९९ सगळंच शिगेला, सगळा वेळ घुमणार, आणि मागच्या भिंतीवरून परतणारा वरचा आवाजही थेट कानावर येऊन संवादांत मिसळणार. त्यापेक्षा लांबीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासची जागा पाहिली. कान पुढच्या भिंतीपासून ३.५ मीटरवर आले, तर ३३ हर्ट्झचा दाब कमाल मूल्याच्या साधारण निम्मा मिळतो आणि ६६ चाही जवळपास निम्माच. दोघांत समेट. सोफा ९० सेंटीमीटर मागे.

याची किंमत होती. पडदा लहान दिसू लागला, आणि मागे १.७ मीटर उरल्याने जायची वाट अरुंद झाली. यावर घरात चर्चा झाली, तिचा तपशील इथे नको. खुणेसाठी जमिनीवर चिकटपट्टी लावून काही दिवस तसंच ठेवून बघायचं ठरलं. पहिल्या संध्याकाळी गृहस्थांनी विमान उतरतानाचं एक दृश्य लावलं आणि ते पुन्हा मागे नेऊन पाहिलं. चिकटपट्टीचा विषय नंतर कोणी काढला नाही.

नव्या जागी माइक ठेवला तेव्हा ३३ ची दरी बहुतेक भरली होती, ६६ चा डोंगर अर्धाअधिक बसला होता. ३३ आणि ६६ मधला फरक आठ डेसिबलच्या घरात आला. यासाठी एकही वॅट वाढवावा लागला नाही.

रुंदीचा प्रश्न उरला. ४८ हर्ट्झ मधल्या जागेवर नाही आणि मुलीच्या जागेवर जास्त. सोफा आडवा सरकवून उपयोग नाही, पडद्यासमोर मधोमध बसायचंच असतं. इथे सब हलवायला हवा. कोपऱ्यात ठेवलेला सब खोलीचे सगळे अनुनाद पूर्ण जोराने जागे करतो. म्हणून कोपऱ्यात आवाज मोठा मिळतो आणि घुमाराही. सब पुढच्या भिंतीच्या मध्याकडे नेला तर रुंदीचा पहिला अनुनाद कमी जागा होतो. अगदी मध्यावर ठेवला तर जवळपास होतच नाही. मग मधल्या जागेला ४८ चा तो वाटा मिळत नाही हे खरं, पण टोकाच्या जागेलाही मिळत नाही, आणि सोफ्यावरच्या तिघांना एकच चित्रपट ऐकू येतो. मी ही अदलाबदल नेहमी मान्य करतो. एकाच माणसासाठी खोली असेल तर गोष्ट वेगळी.

जागा नक्की करायला जुनीच युक्ती वापरली: सब उचलून सोफ्यावर, कानाच्या जागी ठेवायचा, बेसचा एकसारखा चढता सूर लावायचा आणि माइक (किंवा स्वतःचं डोकं) सबच्या संभाव्य जागांवर, जमिनीलगत न्यायचा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे सब ठेवायचा. स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला मार्ग तोच राहतो, या नियमावर ही युक्ती चालते. रांगणारा मोठा माणूस बघून घरातल्यांचं मनोरंजन होतं, तेवढा खर्च सोसावा.

मध्यावर टीव्हीचं कपाट आणि सेंटर स्पीकर होता. शेवटी जागा मिळाली ती कपाट आणि डाव्या स्पीकरच्या मध्ये, डाव्या भिंतीपासून १.३ मीटरवर. तिथून रुंदीचा अनुनाद कोपऱ्याच्या तुलनेत निम्म्याहून कमी जागा होतो. एकूण पातळी थोडी उतरली, कारण कोपऱ्यातल्या दोन भिंतींपैकी एकीचा आधार गेला. गेनला तेवढी जागा आता होती.

सब, सोफा, बटणं सगळं बदललं म्हणून कॅलिब्रेशन नव्याने. पहिलं मोजमाप मधल्या कानाच्या जागी, बाकीची त्याच्या आजूबाजूला, सगळी कानाच्या उंचीवर आणि सोफ्याच्या पाठीपासून थोडी दूर. यंत्राने सबचं अंतर ४.४ मीटर काढलं; फितीने ते ३.२ येत होतं. फरक आधीपेक्षा कमी झाला, कारण सबचं लो-पास मध्ये नव्हतं. या वेळी कोणी आकडा 'दुरुस्त' केला नाही, निदान फितीने तरी. सब आणि पुढचे स्पीकर एकत्र वाजवून ६० ते १०० हर्ट्झचा पट्टा बघत मी तो थोडा थोडा पुढे-मागे केला. ४.७ ला ८० हर्ट्झपाशी सर्वांत चांगली बेरीज झाली. सबवरचं फेजचं बटण (सबची लहर पुढे-मागे सरकवणारं) शून्यावरच ठेवलं. एकच गोष्ट दोन ठिकाणी फिरवत बसलं की आपण कुठे होतो ते कळेनासं होतं.

ऐकताना सगळ्यात मोठा फरक या टप्प्यावर जाणवला, आलेखात तो तुलनेने छोटा दिसत असूनही. थाप पडते तेव्हा तिचा टोकदार भाग स्पीकरमधून येतो आणि वजन सबमधून. दोन्ही एकाच क्षणी आले तर ती थाप छातीवर बसते, नाहीतर सब मागून कुरकुरत येतो. गृहस्थ म्हणाले, "सब कुठे ठेवलाय तेच आता कळत नाही." तक्रार नव्हती ती.

ईक्यू, म्हणजे एकेका सुराची पातळी कापणं किंवा वाढवणं, शेवटी. ६६ ला उरलेला उंचवटा कॅलिब्रेशनने कापला, आणि तो कापणं योग्यच. खोलीच्या अनुनादाचा डोंगर कापला की त्याचं रेंगाळणंही कमी होतं. म्हणून पातळीइतकाच स्वच्छपणाही वाढतो. जे दोन अरुंद खड्डे उरले ते तसेच सोडले. त्यांत वाढ देण्याचे परिणाम 'टक्' रूपाने ऐकून झाले होते.

पातळीबद्दल मतं वेगळी असतात, माझं सांगतो. चाचणीच्या आवाजावर सब आणि स्पीकर 'सी' वेटिंगने ७५ डेसिबलला सारखे करायचे आणि मग सब ३ ते ४ डेसिबलने वर न्यायचा. सपाट आलेख घरात बहुतेकांना बारीक वाटतो. यामागे कानाची घडण आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की खालच्या सुरांना कान फार मंद आहे. आजच्या आयएसओ २२६ मानकानुसार २० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच सुमारे ७८ डेसिबल लागतात, ४० हर्ट्झला ५० च्या आसपास. पण एकदा तो उंबरठा ओलांडला की पुढची चढण उभी असते: मधल्या सुरांत ३ डेसिबलने जेवढा फरक वाटतो त्याहून बराच जास्त खर्जात वाटतो. सबची पातळी एकेक डेसिबलने का फिरवावी आणि रात्री आवाज उतरवल्यावर सर्वांत आधी बेस का नाहीसा होतो, या दोन्हींचं उत्तर यातच आहे. हे लोक रात्री बऱ्याच खालच्या आवाजात बघतात, म्हणून रिसीव्हरमधली, आवाजाच्या पातळीनुसार बेस भरून देणारी सोय चालू केली. ती चालू असताना सब आणखी ३ डेसिबलने वर नेणं जास्त होत होतं, तेव्हा एकच डेसिबल ठेवला.

दोन किरकोळ कामं राहिली होती. २० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळू चढणारा सूर लावून खोलीभर फिरलो, तर काचेचं एक दार आणि भिंतीवरची एक चौकट खडखडत होती. फेल्टचे तुकडे लावून काम झालं. यातली खडखड आधी सबच्या माथी मारली जात होती. दुसरं, कोपऱ्यांत गृहस्थांनी पाच सेंटीमीटर जाडीचा फोम 'बेस ट्रॅप' म्हणून चिकटवला होता. ३३ हर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश २.६ मीटर असतो. पाच सेंटीमीटरला तिच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही. फोम वरच्या सुरांसाठी कामाचा आहे म्हणून काढायला सांगितलं नाही, बाजूच्या भिंतींवर जिथून स्पीकरचा आवाज परततो तिथे हलवला.

आज मधल्या जागेवर २५ ते ९० हर्ट्झचा आलेख, ते दोन अरुंद खड्डे वगळता, साधारण पाच डेसिबलच्या पट्ट्यात बसतो. मुलीच्या जागेवरचा त्याच्याशी बराचसा जुळतो. २५ च्या खाली काय? तिथे दहा इंचीची मर्यादा खरी आहे, आणि ती मी त्यांना स्पष्ट सांगितली. तोच दाब एक अष्टक खाली हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. ४० हर्ट्झला आरामात वाजणारा शंकू २० ला धापा टाकतो. सिनेमागृहाच्या मापाने एलएफईची शिखरं ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. ते या पेटीकडून या खोलीत होणार नाही, आणि ज्या आवाजात हे कुटुंब बघतं त्यात ते लागतही नाही.

गृहस्थांना तरीही एक दिवस खरेदी करायची आहे, ते मी समजू शकतो. त्या वेळी बारा इंची एकाऐवजी असाच दुसरा दहा इंची घ्या, असं सांगून ठेवलंय. टॉड वेल्टी यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत केलेल्या आणि २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीसाठी समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ही मांडणी फार चांगली ठरली होती. वेगवेगळ्या आसनांवरचा फरक तिच्यामुळे कमी होतो. या खोलीत एका बाजूच्या भिंतीच्या मध्यावर दार आहे, तेव्हा पुढची आणि मागची भिंत एवढाच पर्याय. तसं केलं तर ३३ हर्ट्झचा अनुनाद दोन्हीकडून रद्द होईल आणि ६६ चा दोन्हीकडून जोर धरेल, म्हणजे आत्ता जुळवलेला समेट मोडेल. सोफ्याची जागा पुन्हा बघावी लागेल. ६६ चा शून्यबिंदू मागच्या भिंतीपासून १.३ मीटरवर पडतो, त्या दिशेने आणखी थोडं सरकावं लागेल बहुधा. दोन्ही सबचे गेन आधी सारखे करायचे, मग दोन्ही मिळून एकच सब समजून कॅलिब्रेशन. जायच्या वाटेचं काय करायचं ते घरातल्यांनी ठरवायचंय.